तिसऱ्या भागात राक्षस मेल्यावर काय लिहायचं?

कोथरूडच्या एका तरुण लेखकाचा प्रश्न असा आहे: 'सह्याद्रीतल्या भुताखेतांचा आणि राक्षसांचा बंदोबस्त करणाऱ्या चौघांच्या टोळीवर मी त्रिखंडी कादंबरी लिहितोय. दोन भाग छापून झाले. दुसऱ्याच्या शेवटी टोळीतला म्हातारा देवऋषी मेला आणि गुहेत कोंडलेला असुर सुटला. तिसऱ्या भागाची दोनशे पानं लिहिली आणि फाडली. शेवटची लढाई किती पानांची असावी? कोणाला मारू? वाचक दोन वर्षं थांबलेत, त्यांचा विरस व्हायला नको.'

सव्वीस वर्षं मी पुण्यात दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांचं संपादन करते आहे. त्यामुळे पानं फाडल्याचं ऐकून मला फारसं वाईट वाटत नाही. आपल्याकडे या बाबतीत मोठा पूर्वज आहे. गुणाढ्याने 'पैशाची' नावाच्या जुन्या भाषेत, रानात बसून, शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली, अशी दंतकथा आहे. सातवाहन राजाने ती नाकारली. मग गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. जनावरं चरणं सोडून ऐकत रडत बसली, इतकी की राजाच्या मुदपाकखान्यात येणारं मांस सुकं पडलं. तिथून चौकशी सुरू झाली. राजा धावत पोचला तेव्हा एक लाख श्लोक उरले होते. तुमची फाडलेली दोनशे पानं त्या मानाने किरकोळ आहेत. फक्त एक करा, पुन्हा फाडण्याआधी ती कोणाला तरी वाचून दाखवा. कोण कुठे चरणं थांबवतं ते कळेल.

तुमचे दोन्ही भाग मी वाचले आहेत. तिसऱ्याचा आराखडा तुम्ही सोबत जोडलात, त्यात सोळा प्रकरणं आहेत. त्यातली पंधरा असुरापर्यंत पोचण्याची आणि सोळावं त्याला मारण्याचं. पानं फाडावी लागली याचं कारण मला इथेच दिसतं. लढाई किती पानांची हा प्रश्न नंतरचा. लढाईनंतर किती पानं, याचा विचारच आराखड्यात नाही.

महाभारताची मांडणी बघा. त्याची चिकित्सक आवृत्ती आपल्याच शहरात, भांडारकर संस्थेत तयार झाली. १९१९ साली सुरू झालेलं काम १९६६ मध्ये पुरं झालं आणि त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं पडताळली गेली. एवढा खटाटोप करून विद्वानांनी जी संहिता ठरवली, तिच्यात अठरा पर्वं आहेत. प्रत्यक्ष युद्ध सहाव्यापासून नवव्यापर्यंत. दहाव्यात रात्रीची कत्तल. आणि त्यानंतर आठ पर्वं! बायका रणांगणावर येऊन प्रेतं ओळखतात, राजा राज्य नको म्हणतो, म्हातारे वनात जातात, यादव आपापसांत मरतात, पांडव हिमालयाकडे निघतात, सोबत कुत्रा. शांतिपर्वाच्या आकाराचं अनुकरण करा असं मी म्हणत नाही, तुमचा प्रकाशक मला दारात उभं करणार नाही. पण शेवटची दोन पर्वं बघा. महाप्रस्थानिक पर्व तीन अध्यायांचं, स्वर्गारोहण पाच अध्यायांचं. लहान आहेत आणि लोकांना पाठ आहेत. दुर्योधनाची मांडी कशी फुटली यापेक्षा धर्मराजाने कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार दिला, हे माझ्या आजीला जास्त तपशिलात सांगता यायचं.

तेव्हा तुमच्या असुराला बाराव्या प्रकरणात पडू द्या. उरलेली चार प्रकरणं हातात ठेवा. त्यांत काय असेल हे ठरलं की पहिली अकरा आपोआप सरळ होतील.

हे मी चूक करून शिकले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका ऐतिहासिक साहसकथेचा तिसरा भाग माझ्याकडे होता. प्रकाशकाला कागदाचा खर्च कमी करायचा होता. पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यांत छापलं जातं, आणि आमचं पुस्तक शेवटच्या फर्म्यात सहाच पानं शिरत होतं. ती सहा कमी झाली की फर्माच वाचला. मी लढाईनंतरचं एक प्रकरण काढून टाकलं. 'कथानक संपलंय, हे फक्त घरी जाणं आहे,' असं लेखकाला मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं. त्या प्रकरणात नायक गडाखाली बांधून ठेवलेलं आपलं तट्टू सोडवतो, एवढंच होतं. पुस्तक आलं. महिन्याभरात पोस्टकार्डं यायला लागली. नारायण पेठेतल्या एका गृहस्थांचं कार्ड मी अजून जपून ठेवलंय: 'कादंबरी उत्तम. तट्टू अद्याप बांधलेलेच आहे काय?' दुसऱ्या आवृत्तीत प्रकरण परत घातलं, फर्मा वाढला.

आता तुमच्या म्हाताऱ्याकडे येते. दुसऱ्या भागाच्या शेवटच्या पानावर तो मेला. आराखड्यात तिसरा भाग सहा महिन्यांनी सुरू होतो, थेट पाठलागाने, जीपमधून. सहा महिने गाळून तुम्ही हातातलं सगळ्यात चांगलं प्रकरण गाळलं आहे. दहावा दिवस दाखवा. घाटावर पिंड ठेवलेत आणि कावळा शिवत नाहीये. हे दृश्य मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. ऊन चढतंय, गुरुजी घड्याळ बघतायत, कोणीतरी पुढे होऊन हात जोडतं आणि म्हणतं, 'तुमच्या मुलीकडे आम्ही बघू.' कावळा येत नाही. दुसरा म्हणतो, 'जमिनीचा वाद मिटवतो.' तरी नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववायचा का, अशी कुजबुज सुरू होते. तुमच्या टोळीतले तिघं उरलेत. तिघांनी तीन वेगळी वचनं द्यावीत. कोणाच्या वचनाला कावळा आला, ते तिघांनाही दिसावं. तो जे वचन ऐकून उतरला ते सोपं असता कामा नये. माझा अंदाज विचाराल तर 'असुराला मारतो' या वचनाला तो येणार नाही.

आणि समजा, कावळा शिवलाच नाही तर? तुमच्या जगात ज्याची इच्छा राहिली तो मागे राहतो, हा नियम तुम्हीच पहिल्या भागात मुंज्याच्या प्रकरणात घालून दिलाय. मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आत पोरगं गेलं, म्हणून ते पिंपळावर बसलंय. मग ज्या म्हाताऱ्याने आयुष्यभर समंध बांधले, तोच समंध होऊन मुळशीच्या वाटेवर उभा राहिला, तर त्याला बांधायला कोण जाणार? तुमच्या पंधरा प्रकरणांच्या पाठलागापेक्षा मला हे एक वाक्य वाचताना जास्त भीती वाटली. घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पुस्तक तुमचं आहे.

त्याच्या आधी एक रटाळ काम. दुसरं काहीही लिहिण्याआधी दोनशे पानी वही आणा आणि आपलेच दोन भाग परक्याचे असल्यासारखे वाचा. डावीकडे पान क्रमांक, उजवीकडे वाचकाकडून काय उधार घेतलंत ते. मी याला उधारीची वही म्हणते. भोरच्या मुलीच्या दंडावरचा डाग पहिल्या भागात दोनदा येतो, कशाचा ते सांगितलेलं नाही. धाकट्या भावाने नदीवरच्या आसरांना नारळ कबूल केलाय, दिला नाही. म्हातारा मरताना 'उंबराखाली' एवढंच बोललाय. माझ्या वहीत तुमच्या दोन भागांची मिळून एकतीस कलमं झाली. सगळी फेडायची नसतात. काही मुद्दाम थकवायची असतात, पण ती मुद्दाम थकवली आहेत हे वाचकाला कळावं लागतं. आसरांचा नारळ मी असाच थकवला असता. पाणी बघून त्या पोराने आयुष्यभर दचकावं, बस.

एक कलम मात्र तुम्हाला टाळता येणार नाही. पहिल्या भागात, पान चौऱ्याऐंशीवर, म्हातारा एका झपाटलेल्या पोराला खांबाला बांधून चाबकाने फोडून काढतो. भूत जातं. टोळी जेवायला बसते. तुमची कादंबरी आजच्या काळातली आहे, त्यात मोबाइल आहेत, चांदणी चौकातली वाहतूककोंडी आहे. मग त्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडाने किंवा साखळीने बांधणं, काठीने किंवा चाबकाने मारणं, ही या कायद्याच्या अनुसूचीतली पहिलीच गोष्ट. हा कायदा मागणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला निघाले असताना ओंकारेश्वराजवळच्या पुलावर खून झाला. पुण्यात भुतं उतरवणाऱ्यांची गोष्ट लिहिताना हे शहराच्या आठवणीत आहे याचं भान लेखकाला हवं. मी तुम्हाला भाषण द्या म्हणत नाही, कादंबरीत भुतं खरी आहेत तर खरी असू द्या. पण तो पोरगा आता अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. पाठीवर वळ असतील. भूत खरंच होतं, तरी वळही खरेच आहेत. त्याला तिसऱ्या भागात परत आणा. त्याला पोलिसांत जायचंय की टोळीत यायचंय हे मला माहीत नाही, पण दहाव्याच्या घाटावर तो लांब उभा राहून बघतोय एवढं मला स्पष्ट दिसतं.

लढाईनंतरच्या चार प्रकरणांना माल इथून मिळेल. टोळीने कोणाकोणाचं काय केलं, याचा झाडा तिथे द्यायचा आहे.

असुराचा शेवट कसा करायचा, यासाठी बाहेरचे नमुने बघायची गरज नाही. पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवर जेजुरी आहे. मल्हारी माहात्म्यातल्या कथेत खंडोबाने मारलेले दैत्य दोन, मणी आणि मल्ल, सख्खे भाऊ. पडता पडता मणीला उपरती होते. तो आपला पांढरा घोडा देवाला देतो आणि वर मागतो की तुझ्या प्रत्येक देवळात मला जागा दे. मिळते. मल्लालाही वर माग म्हटलं, तर तो जगाचा नाश मागतो. त्याचं शीर उडवलं जातं आणि ते देवळाच्या पायऱ्यांशी पडतं, येणाऱ्या-जाणाऱ्या भक्तांच्या पायाखाली. एकच लढाई, एकच देव, भाऊ दोन आणि शेवट दोन. शिवाय दोघांपुढेही निवड ठेवलेली. तुम्ही आराखड्यात लिहिलंय, 'असुराच्या छातीत भाला, तो राख होतो.' राख झालेल्याला काही निवडता येत नाही. वाचकाने दोन भाग ज्याची वाट पाहिली, त्याला पडल्यावर एक वाक्य तरी बोलू द्या, आणि त्या वाक्याने टोळीची पंचाईत होऊ द्या.

तिसरा नमुना अश्वत्थामा. त्याला मारतच नाहीत. कपाळावरचा मणी काढून घेतात आणि सोडून देतात, ती भळभळती जखम घेऊन तो अजून हिंडतोय म्हणतात. चौथा बळीराजा. त्याला पाताळात घातला आणि आपण दर दिवाळीला 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतो. हरवलेल्याची आठवण जिंकलेल्यापेक्षा जास्त प्रेमाने काढणारी माणसं आपण, तुमचे वाचकही त्यांतलेच.

आणि पाचवा म्हसोबा. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्यात राहायचे, इथल्या गल्लीबोळांतले शेंदरी दगड पायी हिंडून बघायचे. म्हसोबा म्हणजे मुळात महिषासुर, हे त्यांनी मांडलं. देवीने ज्याला मारलं, तोच शेताच्या बांधावर राखणदार होऊन बसतो. माझ्या मते आपल्या लोकपरंपरेचा खरा कल हा आहे. इथे राक्षस संपवत फारसं कोणी नाही. त्याला जागा देतात, वर्षाचं ठरवून देतात, त्याच्या हद्दीत पाय टाकताना नाव घेतात. देवऋषी, भगत, जाणते जे शब्द वापरतात तेही बघा: बांधलं, बसवलं, उतरवलं, वाट करून दिली. 'मारलं' क्वचित. तुमच्या टोळीला तुम्ही दोन्ही भागांत 'राक्षसमारे' म्हटलंय, आणि म्हाताऱ्याच्या तोंडी एकदाही 'मार' हा शब्द नाही. हे तुम्ही मुद्दाम केलंत का? नसेल तर तुमच्या कानाने केलंय. त्याचं ऐका.

वेताळ टेकडीवर मी आठवड्यातून दोनदा जाते. शहरातली सगळ्यात उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून आठशे मीटर. वर वेताळाचं देऊळ आहे. अमावास्येला आपला लवाजमा घेऊन निघणारा भुतांचा राजा तो, लहानपणी आम्हाला त्याच्या नावाने घरात घेत. आता त्याच्या देवळापाशी लोक बुटांच्या नाड्या बांधतात, डब्यातलं डाळिंब खातात, गुडघेदुखीवर बोलतात. कोणी जाताना सहज हात जोडतं. मला तुमच्या शेवटच्या प्रकरणाचा सूर असा काहीतरी ऐकू येतो. पहिल्या भागात ज्या गुहेपाशी चौघांची वाचा बसली होती, तिथे तिसऱ्या भागाच्या शेवटी कोणीतरी पाण्याची बाटली उघडून बसलंय.

असुर पडायचा कसा, याबद्दल दोन गोष्टी सांगते. हिरण्यकश्यपूची गोष्ट इतकी टिकली कारण तिच्यात एकही नियम मोडलेला नाही. माणूस नको, पशू नको, दिवस नको, रात्र नको, घरात नको, बाहेर नको. सगळ्या अटी पाळून नृसिंह उंबरठ्यावर, तिन्हीसांजेला येतो. ऐकणाऱ्याला वाटतं, अरे, हे आपल्यालाही सुचायला हवं होतं. तुमच्या असुराला लोखंड लागत नाही, मंत्र चालत नाही, हे पहिल्या भागात ठरलं. आता तिसऱ्यात अचानक तांब्याचा भाला सापडतो, तोही एका साधूच्या झोळीत. साधूला पहिल्या दोन भागांत कोणी पाहिलेलं नाही. याला वाचक क्षमा करत नाहीत. उपाय बाहेरून आणू नका. 'उंबराखाली' हा शब्द तुमच्या हातात आहे, तो वापरा. उंबर आणि उंबरा हे शब्द शेजारी आहेत हे तुमच्या लक्षात आलंय का? मरताना म्हाताऱ्याचा आवाज तुटला असेल. तो झाड म्हणाला की घराचा उंबरा? अकरा प्रकरणं सगळे झाड खणत राहिले तरी चालेल.

दुसरी गोष्ट रक्तबीजाची. त्याचा एकेक थेंब जमिनीवर पडला की नवा रक्तबीज उभा राहायचा. त्रयी लिहिणाऱ्यांना हा रोग हमखास होतो. पहिल्या भागात एक हडळ, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात घाट भरून. तुमच्या फाडलेल्या पानांत फौज होती असं तुम्ही लिहिलंय, वाचून मी मान डोलावली. संख्या वाढली की भीती पातळ होते. तुमच्या दोन भागांतलं सगळ्यात भयंकर पान कुठलं ते सांगते: चकव्याचं. त्यात राक्षस दिसतसुद्धा नाही. दोघं भाऊ ताम्हिणीत रात्रभर चालतात आणि पहाटे त्याच दगडापाशी येतात, दगडावर त्यांनीच ठेवलेला डबा अजून कोमट. तसं एक पान तिसऱ्यात जमलं तर फौज लागणार नाही.

कोणाला मारू, या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. ज्याच्या मरण्याने दुसऱ्या कोणाला काही करावं लागणार नसेल, त्याला मारू नका. थोरल्या भावाला मारायचा तुमचा बेत मला फक्त डोळ्यांत पाणी आणायचा वाटतो. तो जगला आणि धाकट्याशी बोलेनासा झाला, तर जास्त लागेल. म्हाताऱ्याला मात्र जिवंत करू नका, काही झालं तरी. समंध म्हणून आला तर तो मेलेलाच असू द्या.

आता भाषेबद्दल, कारण इथे मला तुमच्याशी भांडायचंय. तुमचे संवाद चांगले आहेत, भोरची मुलगी बोलते तेव्हा मला तिचा आवाज येतो. पण मारामारी सुरू झाली की तुमची मराठी एकदम सरकारी होते. 'त्याने आपल्या शस्त्राने असुरावर जोरदार प्रहार केला आणि असुर वेदनेने विव्हळला.' हे पंचनाम्यातलं वाक्य आहे. आपल्याकडे हाणणं, झोंबणं, लोळवणं, उपटणं, चेचणं, ओरबाडणं, मुसंडी मारणं असे शब्द आहेत, आणि प्रत्येकाचं वजन वेगळं. वाक्यं लहान करा. कर्ता प्रत्येक वेळी लिहायची मराठीला गरज नसते, क्रियापद सांगून टाकतं. 'वळला. भाला दगडावर. ठिणगी. तोवर ते अंगावर आलं.' पोवाडा म्हणणारे शाहीर लढाईत वाक्यं कशी तोडतात ते कान देऊन ऐका. आणि असुराच्या तोंडची ती संस्कृत-मिश्रित दरबारी भाषा काढा. हजार वर्षं मावळात कोंडलेला आहे ना तो? मग मावळातलं बोलेल. जुनं बोलेल, शब्द थोडे उलटेपालटे लावेल, पण 'रे मूढ मानवा' म्हणणार नाही. खरं तर जितका कमी बोलेल तितका बरा. त्याने भोरच्या मुलीला तिच्या आजीच्या आवाजात घरच्या नावाने हाक मारली, तरी एक प्रकरण होईल.

वाचक मागचं विसरलेत ही काळजी बरोबर आहे. त्यासाठी सुरुवातीला एक पान, फार तर दीड, 'पूर्वकथा' म्हणून सरळ सांगून टाका. कीर्तनकार नाही का दुसऱ्या दिवशी, 'काल आपण कुठवर आलो होतो' म्हणून दोन मिनिटांत सगळ्यांना आणून सोडत? पात्रांना एकमेकांना माहीत असलेल्या गोष्टी एकमेकांना सांगायला लावू नका.

नावाचंही बोलून घेते. तुम्ही 'असुरान्त' सुचवलंय. मुखपृष्ठावरच शेवट सांगितलात की मग राहिलं काय? 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टोल्किनचीही हीच तक्रार होती. ती कादंबरी मुळात एकसंध, कागद महाग म्हणून प्रकाशकाने १९५४-५५ मध्ये तीन खंडांत काढली, आणि तिसऱ्या खंडाचं नाव, 'द रिटर्न ऑफ द किंग', म्हणजे राजाचं परतणं, शेवट फोडतं म्हणून तो नाराज होता. ऐकलं मात्र प्रकाशकाचं. तुमचा प्रकाशक 'असुरान्त'वर अडून बसला तर माझ्याकडे पाठवा.

शेवटची व्यावहारिक बाब. तिसऱ्या भागाबरोबर पहिल्या भागाची दुसरी आवृत्ती निघणार आहे असं तुम्ही कळवलंत. तेव्हा तुम्हाला मोह होईल की पहिल्या भागात चार ओळी गुपचूप घालाव्यात, म्हणजे तिसऱ्यातला धागा जुळेल. टोल्किननेच 'द हॉबिट' या आधीच्या कादंबरीत हे केलंय. १९३७ च्या आवृत्तीत गुहेतला तो प्राणी कोड्यांचा डाव हरल्यावर अंगठी स्वखुशीने द्यायला तयार असतो. पुढच्या कथेला ते जमेना म्हणून १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण बदललं. पण त्याने एक हुशारी केली: जुनी हकीकत म्हणजे नायकाने मारलेली थाप होती, असं पुढच्या पुस्तकात आणलं. जुनी प्रत घरात असलेला वाचक त्यामुळे फसला नाही, त्याच्या हातात थापेचा पुरावाच आला. तुम्हाला तशी काही युक्ती सापडली तर बदला. नाहीतर पहिल्या भागात फक्त शुद्धलेखन आणि ती पान एकशे बारावरची चूक दुरुस्त करा, जिथे अमावास्येच्या रात्री चांदणं पडलंय. कावळ्याचं प्रकरण लिहून झालं की तेवढंच आधी पाठवा, बाकीचं नंतर बघू.